घरचं ड्रग टेस्ट किट: दोन रेघा आल्या म्हणजे सुटलो, असं नाही

लघवीत बुडवून पाच मिनिटांत निकाल देणारी ही किट्स हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. घेणारे बहुतेक आईवडील असतात, नाहीतर नवरा किंवा बायको, आणि सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच असतो: हा परत घ्यायला लागलाय का? किट मात्र भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं. अमुक एक पदार्थ, किंवा शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते, या लघवीत ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे की नाही, एवढंच ते सांगतं. कधी घेतलं, किती घेतलं, एकदाच की रोज, व्यसन जडलंय का, आत्ता नशेत आहे का, यातलं काही त्याला कळत नाही. उपचार चालू असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरलं तर आम्ही या वस्तूला पाचपैकी चार तारे देऊ. घरातल्या माणसावर पाळत ठेवायला घेणार असाल तर एकच, तोही पट्टी तांत्रिकदृष्ट्या बरी असते म्हणून.

प्रकार तीन. एका पदार्थाची सुटी पट्टी, पाच ते चौदा पट्ट्या एकत्र असलेलं कार्ड, आणि झाकणाचा कप, ज्याच्या भिंतीतच पट्ट्या बसवलेल्या असतात. कपच घ्या. कार्ड बुडवताना हात जरा खाली गेला की लघवी पट्टीवरच्या 'मॅक्स' खुणेच्या वर चढते, रंग धुऊन जातो आणि निकाल वाया जातो. कपात ती भानगड नाही, शिवाय बाहेरच्या बाजूला तापमान दाखवणारी पट्टी असते. तिचं महत्त्व पुढे येईल.

वापर सोपा आहे, पण चुका ठरलेल्या आहेत. पाकीट बंद असताना २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, आणि फोडलं की लगेच वापरायचं. उघडून ठेवलेली पट्टी हवेतला ओलावा शोषते आणि मग रंग नीट वर सरकत नाही. फ्रिजमधून काढलेलं किट किंवा नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कपात निदान ३० मिलिलिटर लघवी हवी. सुटी पट्टी किंवा कार्ड असेल तर बाण खाली करून उभं धरायचं, १० ते १५ सेकंद बुडवायचं, मग सपाट जागेवर आडवं ठेवायचं आणि हात लावायचा नाही. निकाल ५ मिनिटांनी वाचायचा. १० मिनिटं उलटून गेल्यावर पट्टी वाळायला लागते आणि रेघा बदलू शकतात, त्यामुळे दोन तासांनी कचऱ्याच्या डब्यातून काढून पुन्हा बघण्यात काही अर्थ नसतो. पाचव्या मिनिटाला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतरचे वाद वाचतात.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते रेघा वाचताना, कारण गर्भधारणेच्या चाचणीची सवय असते. तिथे दोन रेघा म्हणजे 'हो'. इथे नेमकं उलटं. प्रत्येक पट्टीवर वरची 'सी' रेघ पट्टी चालली हे सांगते आणि खालची 'टी' रेघ पदार्थाबद्दल सांगते. 'टी' उमटली तर निगेटिव्ह, 'टी' गायब तर पॉझिटिव्ह. असं का, तर 'टी'च्या जागेवर तो पदार्थ आधीच चिकटवलेला असतो, आणि पट्टीच्या बुडाशी रंगीत कणांना जोडलेल्या अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्या पदार्थाला चिकटणारी प्रथिनं, असतात. बहुतेक किट्समध्ये हे सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, म्हणून रेघ गुलाबी-लाल दिसते. लघवी वर चढताना अँटिबॉडी सोबत घेऊन जाते. लघवीत पदार्थ नसेल तर त्या 'टी'वर अडकतात आणि रेघ दिसते. पदार्थ पुरेसा असेल तर अँटिबॉडी वाटेतच त्याला धरून बसतात, 'टी'पर्यंत मोकळी एकही उरत नाही आणि जागा कोरी राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पुसट रेघ म्हणजे 'थोडीशी घेतलीय' असं नाही. कितीही पुसट असो, रेघ आहे तर निकाल निगेटिव्ह. रेघेचा गडदपणा पट्टीगणिक बदलतो, त्यामुळे सोमवारच्या पट्टीशी गुरुवारची ताडून बघू नका. दुसरी, 'सी' रेघच आली नाही तर ती चाचणी बाद. खाली कोरं, वर कोरं, म्हणजे 'भयंकर पॉझिटिव्ह' असं समजून घरात रण माजवणारे लोक आहेत. नवीन पट्टी घ्या, बस.

आता मर्यादांबद्दल, कारण खोक्यावरच्या '९९ टक्के अचूक' या दाव्याची मेख तिथेच आहे. गांजासाठी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, कोकेनसाठी १५० किंवा ३००, अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजकासाठी ५०० किंवा १०००, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांच्या बेंझोडायझेपाइन गटासाठी ३००, हे आकडे सर्रास दिसतात. या आकड्याच्या बरंच वर किंवा बरंच खाली असलेल्या नमुन्यांवर पट्टी उत्तम चालते. मर्यादेच्या आसपास, साधारण २५ टक्के वर-खाली, ती कधी हो म्हणते कधी नाही. म्हणून सकाळी निगेटिव्ह आणि दुपारी पॉझिटिव्ह आलं, तर मधल्या वेळात काही घेतलंच असेल असं नाही.

अफूपासून निघणाऱ्या मॉर्फिन गटाच्या पट्टीत तर दोन वेगवेगळ्या मर्यादा बाजारात आहेत, ३०० आणि २०००, आणि खोक्यावरचं चित्र सारखंच असतं. अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या तपासणीत ही मर्यादा १९९८ साली ३०० वरून २००० वर नेली गेली, कारण खसखस घातलेलं खाल्लेली माणसंही पॉझिटिव्ह यायची. उपचारातल्या माणसासाठी ३०० ची घ्या आणि तपासणीच्या आधी खसखस बंद ठेवा. २००० ची पट्टी हलकं सेवन सरळ सोडून देते.

आता या किटचा खरा दोष. साधं पाच पदार्थांचं कार्ड गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, मॉर्फिन गट आणि पीसीपी हे भास घडवणारं रसायन तपासतं. ही यादी मुळात नोकरीच्या तपासणीसाठी बनलेली आहे, जीव वाचवण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये अमली पदार्थांमुळे सुमारे ६ लाख मृत्यू झाले आणि त्यातले जवळपास ८० टक्के ओपिऑइडशी जोडलेले होते. ओपिऑइड म्हणजे अफूपासून निघालेले आणि तसाच परिणाम करणारे कृत्रिम असे सगळे. मॉर्फिनची पट्टी यातले मॉर्फिन, कोडीन आणि हेरॉइन पकडते. पण याच कुळातलं फेंटानिल पकडत नाही. ट्रॅमाडॉल नाही, मेथाडोन नाही, ब्युप्रेनॉर्फिन नाही. ऑक्सिकोडोन तर मोठ्या प्रमाणात असेल तरच, तेही नशिबाने. यातल्या प्रत्येकाची वेगळी पट्टी मिळते, पण साध्या कार्डात ती नसते. म्हणजे ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांवर पूर्ण अडकलेला माणूस तुमच्यासमोर कार्ड बुडवेल, पाचही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा येतील, आणि तुम्ही त्याची माफी मागाल.

बेंझोडायझेपाइनच्या पट्टीतही अशीच गळती आहे. तिच्या अँटिबॉडी सहसा ऑक्झाझेपामसाठी तयार केलेल्या असतात, त्यामुळे डायझेपाम बरं पकडलं जातं, पण क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम अनेकदा निसटतात. गैरवापर मात्र याच दोन गोळ्यांचा भरपूर होतो. मेफेड्रोन या उत्तेजक रसायनाला आणि त्याच्या भावंडांना अ‍ॅम्फेटामाइनची पट्टी भरवशाने ओळखत नाही. कृत्रिम गांजा म्हणून विकली जाणारी रसायनं गांजाच्या पट्टीवर दिसतच नाहीत, कारण त्यांची रचनाच वेगळी. व्हाइटनर, थिनर, गोंद हुंगणाऱ्यासाठी यात काहीही नाही. किट घेण्याआधी 'काय घेत असावा' याचा अंदाज हवा तो यासाठी, आणि तो अंदाज पट्टी देत नाही. रिकाम्या गोळ्यांची पाकिटं, जळका चांदीचा कागद, डोळ्यांच्या बाहुल्या देतात.

खोट्या पॉझिटिव्हची यादी लांब आहे. सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन अ‍ॅम्फेटामाइनच्या पट्टीला फसवतं. धूम्रपान सोडण्यासाठी आणि नैराश्यासाठी दिलं जाणारं बुप्रोपिऑन आणि रक्तदाबाचं लॅबेटॅलॉल हेही तेच करतात. लेव्होफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स मॉर्फिनच्या पट्टीवर गोंधळ घालतात. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पीसीपीच्या, तर मानसिक आजारांवरचं क्वेटायपिन मेथाडोनच्या पट्टीवर दिसू शकतं. कोडीनवालं कफ सिरप हा वेगळा मामला. तिथे पट्टी खोटं बोलत नाही, कारण शरीर कोडीनचं मॉर्फिन करतंच. गेल्या आठवड्यात घेतलेली सगळी औषधं लघवी घेण्याच्या आधी लिहून काढा. निकाल आल्यावर आठवलेलं औषध सबब वाटतं.

याचसाठी, काही लक्षण नसताना मुलांची सरसकट तपासणी करण्याच्या आम्ही पूर्ण विरोधात आहोत. हिशेब करा. समजा शंभर मुलांत दोनच घेतात आणि पट्टी न घेणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. पॉझिटिव्ह आलेल्या सातांपैकी पाच निर्दोष निघतील. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मुलांच्या घरगुती तपासणीबाबत सावधच आहे. मूल आणि आईवडील यांच्यात बोलणं उरलेलं असेल, तर ते या कपापेक्षा जास्त माहिती देतं.

किती दिवस मागचं दिसतं? हेरॉइन घेतल्यावर मॉर्फिन साधारण दोन-तीन दिवस, अ‍ॅम्फेटामाइन आणि मेथॅम्फेटामाइन दोन-चार दिवस, कोकेन दोन-चार दिवस. गांजाचा हिशेब निराळा आहे. एकदाच ओढला तर तीनेक दिवस, पण रोज ओढणाऱ्याच्या चरबीत गांजातलं नशा आणणारं टीएचसी साठत जातं आणि बंद केल्यावरही झिरपत राहतं, कधीकधी महिनाभर. पंधरा दिवस प्रामाणिकपणे हातही न लावलेला मुलगा पॉझिटिव्ह येतो, घरचे त्याला खोटारडा ठरवतात, आणि सोळाव्या दिवशी तो पुन्हा सुरू करतो. गांजासाठी पहिले चार आठवडे घरी तपासूच नका. नवं सेवन की जुनं झिरपणं हे प्रयोगशाळा क्रिएटिनिन या लघवीत नेहमीच असणाऱ्या घटकाशी प्रमाण लावून सांगू शकते, घरची पट्टी नाही. डायझेपामही असंच लांबतं, रोज घेणाऱ्यात आठवडेच्या आठवडे.

फसवणूक होते, आणि बहुतेक वेळा ती साध्या पाण्याने. म्हणून तापमानाची पट्टी. कप हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत ती ३२ ते ३८ अंश दाखवायला हवी. त्याखाली असेल तर लघवी दुसऱ्याची, जुनी किंवा पाणी घातलेली असण्याची शक्यता आहे. आधी लिटरभर पाणी पिऊन आलेल्याची लघवी तापमानात बरोबर बसते, पण पातळ असते. रंग जवळजवळ पाण्यासारखा, क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.००३ च्या खाली. चांगल्या कपात हे तपासणारे रंगीत ठिपके असतात. असा नमुना आला तर तो निगेटिव्ह नाही आणि पॉझिटिव्हही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घ्या. उन्हाळ्यात भरपूर पाणी पिणाऱ्याचीही लघवी अशी येते, तेव्हा लगेच आरोप नको. संडासाच्या दारात उभं राहून बघत बसणं हे घरच्यांचं काम नाही. तशी गरज पडलीच तर तपासणी केंद्रात करून घ्या.

पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय? त्या नमुन्याचं दुसऱ्या पद्धतीने शिक्कामोर्तब झाल्याशिवाय काहीही ठरवू नका. प्रयोगशाळेत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस ही रेणू वेगळे करून ओळखणारी चाचणी करून घ्या. ते पदार्थाचं नेमकं नाव आणि प्रमाण देतं. नमुना घट्ट झाकून फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ४८ तासांपर्यंत टिकतो, त्याहून उशीर होणार असेल तर गोठवून ठेवावा लागतो. आणि पॉझिटिव्ह म्हणजे व्यसनी, असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात २९.२ कोटी लोकांनी कुठला ना कुठला अमली पदार्थ घेतला, त्यातले २२.८ कोटी गांजा घेणारे, आणि व्यसनाच्या आजारात मोडणारे ६.४ कोटी. या ६.४ कोटींतल्या अकरांपैकी एकालाच उपचार मिळतात. तुमच्या घरातला माणूस यातल्या कुठल्या गटात आहे हे ठरवायला मनोविकारतज्ज्ञाचा तासभर लागतो, पट्टीची पाच मिनिटं पुरत नाहीत.

निकाल बघून गोळ्या संडासात टाकणं ही घरच्यांची सगळ्यात घातक प्रतिक्रिया. महिनोन्‌महिने बेंझोडायझेपाइन घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट्स येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचंही तेच. हात थरथरणं, घाम, मग भास आणि बरळणं, आणि हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरच्यांना 'निभावलं' असं वाटायला लागतं तेव्हा. या दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायच्या असतात.

ओपिऑइडमध्ये धोका उलट्या बाजूने येतो, आणि तो या किटच्या निगेटिव्ह निकालातच दडलेला असतो. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या डोसची सवय झालेली असते. काही आठवडे बंद ठेवलं की ती सवय उतरते, पण डोक्यात आकडा जुनाच राहतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जिवाला सर्वाधिक धोक्याचे असतात ते याच कारणाने: एकदाच, पूर्वीइतकंच, आणि श्वास बंद. सलग निगेटिव्ह पट्ट्या बघून घरचे सैल पडतात तो काळही नेमका हाच. त्यामुळे ओपिऑइडचा इतिहास असलेल्या घरात हे किट एकटं ठेवू नका, शेजारी नॅलॉक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा ठेवा. माणूस हाकेला ओ देत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास संथ किंवा घरघरता, ओठ निळसर, अशा वेळी लघवी तपासायची नसते. रुग्णवाहिका बोलवा, ४ मिलिग्रॅमचा नाकातला फवारा एका नाकपुडीत मारा, तोंडाने श्वास द्या, २ ते ३ मिनिटांत फरक नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, आणि बरीच ओपिऑइड्स त्याहून जास्त वेळ टिकतात. शुद्धीवर आला म्हणून घरी झोपवू नका.

किट खरंच शोभून दिसतं ते उपचारात. ओपिऑइडच्या व्यसनावर दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्याच्या कपात ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी, मर्यादा सहसा १० नॅनोग्रॅम, पॉझिटिव्ह यायला हवी. ती निगेटिव्ह आली तर औषध घेतलं जात नाही, आणि काळजी तिथे करायची. कोकेन आणि मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनात निगेटिव्ह नमुन्यागणिक छोटं बक्षीस देण्याची पद्धत चांगली चालते. या दोन पदार्थांवर गोळी नाही, त्यामुळे तिचं मोल जास्त. आठवड्यातून दोन-तीनदा तपासलं तर मधली फट जवळपास राहत नाही. बक्षीस त्याच दिवशी द्यायचं, आणि पॉझिटिव्ह आल्यावर शिव्याशाप नाहीत, फक्त त्या दिवशीचं बक्षीस नाही. घरी करायचं असेल तर नियम समुपदेशकासमोर दोघांनी मिळून ठरवा. सज्ञान माणसाची लघवी त्याच्या संमतीशिवाय तपासू नये, हे त्यात आलंच.

विकत घेताना खोक्यावर मर्यादांचा तक्ता छापलेला आहे का ते बघा. नसेल तर घेऊ नका. पट्ट्या किती आहेत यापेक्षा कुठल्या आहेत हे महत्त्वाचं: चौदा पट्ट्यांच्या कपातही फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल नसू शकतात, ते सुटे घ्यावे लागतात. मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त असावी, पाकिटाची कड सुटलेली नसावी, आत ओलावा शोषणारी पुडी असावी. सुरुवातीला चार-पाच नग पुरे. पंचवीसचा डबा आणला की रोज तपासावंसं वाटतं.